चार पंखांची माशी: एडवर्ड लुइस यांच्या पन्नास वर्षांच्या कामाचा प्रकरण अभ्यास

पिकलेली केळी दोन दिवस उघडी राहिली की त्यांच्यावर जी तांबूस डोळ्यांची चिलटं घोंघावू लागतात, ती ड्रोसोफिला. आंबा-पेरूच्या बागांत कामगंध सापळे लावून जिचा बंदोबस्त करतात ती फळमाशी वेगळी. ती आकारानं मोठी आणि कुळानंही निराळी. आपलं चिलट दोन-तीन मिलिमीटरचं. त्याला झोपवून, पाठीवर वळवून, बारीक कुंचल्यानं पंख बाजूला सारून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की पंखांच्या जरा मागे दोन्ही बाजूंना एकेक फिकट दांडी दिसते. टोकाला गाठ, अगदी काडेपेटीतल्या काडीसारखी. हे हॉल्टियर. उडताना ते पंखांच्याच वेगानं हलतात आणि शरीर कुठे कलतंय याची खबर माशीला देतात. पंखांची जी दुसरी जोडी फुलपाखराला किंवा मधमाशीला असते, तिच्याच जागी माशीला हे हॉल्टियर असतात.

मी पहिल्यांदा हॉल्टियर नीट पाहिले तेव्हा शेजारच्या बशीत आणखी एक माशी होती. तिला हॉल्टियर नव्हते. त्या जागी दुसरे दोन पूर्ण पंख होते, शिरांसकट, कडेच्या केसांसकट. पुस्तकातलं चित्र मी आधी पाहिलं होतं, तरी तो जीव खरोखर समोर असणं वेगळंच होतं. ही माशी उडू शकत नाही. पण गर्भातल्या पेशींना ‘तू कोण व्हायचंस’ हे कसं कळतं, या प्रश्नाचं एक मोठं उत्तर तिच्या पाठीवर उघडं पडलेलं आहे. ती माशी ज्यांनी घडवली त्या एडवर्ड लुइस यांची ही कहाणी. मी ती विद्यार्थ्यांना प्रकरण म्हणून शिकवतो, कारण लुइस ज्या प्रश्नाच्या शोधात निघाले होते त्याचं उत्तर त्यांना मिळालं नाही, आणि जे मिळालं ते त्यांच्या अपेक्षेच्या कितीतरी पलीकडचं होतं.

सुरुवात

लुइस यांचा जन्म १९१८ चा, पेनसिल्वेनियातल्या विल्क्स-बॅरी या गावातला. मंदीचा काळ होता आणि घरची परिस्थिती बेताची. शाळेत असताना ‘सायन्स’ साप्ताहिकात त्यांना ड्रोसोफिलाच्या माश्या विकत मिळण्याची जाहिरात दिसली आणि त्यांनी व त्यांच्या एडवर्ड नोवित्स्की या मित्रानं माश्या मागवून घेतल्या. पुढे दोघेही आनुवंशशास्त्रज्ञ झाले. लुइस बासरी उत्तम वाजवत. त्या जोरावर त्यांना एका कॉलेजात संगीताची शिष्यवृत्ती मिळाली होती, पण वर्षभरानं ते मिनेसोटा विद्यापीठात गेले आणि १९३९ मध्ये जीवसांख्यिकीची पदवी घेतली. पीएचडीसाठी ते कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत आल्फ्रेड स्टर्टेवंट यांच्याकडे आले. हे तेच स्टर्टेवंट, ज्यांनी १९१३ मध्ये जनुकांचा पहिला नकाशा काढला. १९४२ मध्ये पीएचडी झाली. मग महायुद्ध आलं, हवामानशास्त्राचा अभ्यास आणि लष्करात हवामान अधिकाऱ्याची नोकरी झाली. १९४६ मध्ये ते कॅलटेकला परतले आणि त्यानंतर त्यांचं काम मुख्यतः तिथेच चाललं.

तेव्हाचा त्यांचा प्रश्न गर्भविकासाचा नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. त्यांना हवं होतं ते एवढंच: नवी जनुकं येतात कुठून? त्या काळी एक कल्पना अशी होती की एखाद्या जनुकाची चुकून दुसरी प्रत तयार होते, दोन्ही प्रती शेजारी-शेजारी राहतात, एक जुनं काम सांभाळते आणि दुसरी हळूहळू नवं काम शिकते. तसं असेल तर गुणसूत्रावर कुठे ना कुठे अशी भावंडं सापडली पाहिजेत, अगदी खेटून बसलेली, कामातही एकमेकांसारखी. डीएनएची रचना अजून कोणाला ठाऊक नव्हती. जनुक म्हणजे गुणसूत्राच्या दोरीत ओवलेला मणी, एवढीच समज.

ही भावंडं शोधायची तर हातात एकच हत्यार होतं: माश्यांचे क्रॉस लावणे, म्हणजे निवडक नर-माद्यांच्या जोड्या लावून त्यांची पिल्लं तपासणे. दोन बिघाड एकाच जनुकातले आहेत की शेजारच्या दोन जनुकांतले, हे कळण्यासाठी त्यांच्या मधल्या जागेत गुणसूत्रांची अदलाबदल होते का ते पाहायचं. जागा इतकी चिंचोळी की हजारो पिल्लं तपासावीत तेव्हा असा एखादाच प्रसंग हाती लागतो. विद्यार्थिदशेत लुइस यांनी हे काम डोळ्यांशी संबंधित ‘स्टार’ आणि ‘अॅस्टरॉइड’ या जोडीवर केलं होतं. परत आल्यावर त्यांनी बायथोरॅक्स हातात घेतलं.

बायथोरॅक्स ही म्युटंट, म्हणजे जनुकात बिघाड असलेली, माशी मुळात कॅल्व्हिन ब्रिजेस यांना १९१५ मध्ये सापडलेली. तिचे हॉल्टियर थोडे फुगीर, किंचित पंखाकडे झुकणारे. त्यानंतर त्याच जागेतले आणखी बिघाड मिळत गेले. एकामुळे हॉल्टियरचा पुढचा अर्धा भाग पंखासारखा होतो, दुसऱ्यामुळे मागचा. तिसऱ्यामुळे पोटाचा पहिला खंड छातीसारखा वागू लागतो, इतका की कधी तिथे पायही फुटतो. लुइस यांना हे फार सोयीचं वाटलं. प्रत्येक बिघाडाचा परिणाम वेगळा, नजरेनं ओळखू येणारा, आणि सगळे गुणसूत्राच्या एकाच इवल्याशा जागी. भावंडांचा शोध घ्यायला याहून चांगली जागा कुठली?

जे माशीनं दाखवलं

दोन शेजारी बिघाड एकाच गुणसूत्रावर असले आणि जोडीचं गुणसूत्र धड असलं, तर माशी जवळजवळ निरोगी दिसते. तेच दोन बिघाड दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांवर वाटले गेले, तर माशी बिघडलेली दिसते. दोन्ही माश्यांत माल तोच आहे, फक्त मांडणी बदलली आहे. हे दोन स्वतंत्र जनुकांचं काम असतं तर मांडणीनं काहीच बिघडायला नको होतं. लुइस यांनी या विचित्र वागण्याचं वर्णन १९५१ मध्ये सविस्तर मांडलं. त्यांचा अर्थ असा की ही शेजारची जनुकं एका साखळीतली आहेत, एकाचं काम संपलं की माल पुढच्याकडे जातो, आणि म्हणून ती एकाच गुणसूत्रावर धड असावी लागतात.

हा अर्थ आज टिकत नाही. निरीक्षण मात्र जसंच्या तसं टिकून आहे.

१९५४ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, तिला त्यांनी ट्रान्सव्हेक्शन म्हटलं. माशीच्या पेशींत जोडीची गुणसूत्रं एकमेकांना चिकटून राहतात. क्ष-किरणांनी एका गुणसूत्राची मोडतोड करून हा शेजार तोडला, तर बायथोरॅक्सचा बिघाड वाढतो. शेजार टिकला की कमी होतो. म्हणजे एका गुणसूत्रावरची कसली तरी सूचना पलीकडच्या गुणसूत्रावरचं जनुक वाचू शकतं! हे वाक्य आज आपण सहज लिहितो, कारण दूरवरून जनुक चालू-बंद करणारे डीएनएचे तुकडे आता पाठ्यपुस्तकात आहेत. १९५४ मध्ये अशा वाक्यासाठी शब्दच नव्हते. जाकोब आणि मोनो यांनी जीवाणूंमधल्या जनुकांचं नियमन मांडलं ते १९६१ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांत, १९६३ च्या लेखात, लुइस यांनी तो विचार आपल्या माशीला लावून पाहिला.

इथे एका व्यक्तीचं नाव घेतलं नाही तर प्रकरण अपुरं राहील. पामेला लुइस, एडवर्ड यांच्या पत्नी. १९४६ मध्ये त्यांचं लग्न झालं. कॅलटेकमधला माश्यांचा साठा त्या सांभाळत. नर ड्रोसोफिलाच्या फक्त पहिल्या पायांवर काळ्या केसांचा एक छोटा कंगवा असतो, त्यानं तो मादीला धरतो. पामेला यांना असा नर मिळाला ज्याच्या मागच्या पायांवरही कंगवे होते. या म्युटंटला नाव पडलं पॉलिकोम्ब, म्हणजे अनेक कंगवे. पुढे एडवर्ड यांनी दाखवलं की पॉलिकोम्बचं काम बायथोरॅक्सची जनुकं चुकीच्या जागी दाबून ठेवणं हे आहे. तो दाब सुटला की पुढचे खंड मागच्यांसारखे वागू लागतात. पॉलिकोम्ब गटाची प्रथिनं माणसातही आहेत आणि काही कर्करोगांत त्यांच्यातल्या बिघाडाचा हात असतो. ही सगळी साखळी सुरू झाली ती एका बाईंनी बाटलीतल्या नराचे मागचे पाय नीट पाहिले म्हणून. विद्यार्थ्यांना मी हे नेहमी सांगतो, आणि प्रत्येक वेळी सांगताना मला पामेला यांच्या नजरेचं तितकंच कौतुक वाटतं.

मधल्या काळात लुइस यांनी दुसरंही मोलाचं काम केलं. १९५७ मध्ये त्यांनी हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेले लोक, किरणोपचार घेतलेले रुग्ण आणि क्ष-किरणांचे डॉक्टर यांच्या नोंदी एकत्र करून दाखवलं की रक्ताच्या कर्करोगाचा धोका किरणांच्या मात्रेच्या प्रमाणात वाढतो, आणि ‘याच्या खाली निर्धोक’ म्हणावं अशी मर्यादा त्या आकड्यांत दिसत नाही. अणुचाचण्या जोरात होत्या तेव्हाची ही गोष्ट. अमेरिकी संसदेच्या समितीसमोर त्यांनी साक्षही दिली. १९६८ मध्ये त्यांनी बाकर यांच्याबरोबर एका पानाची टीप लिहिली: जनुकांत बिघाड घडवणारं ईएमएस हे रसायन नरांना साखरपाण्यातून कसं पाजायचं. त्याच पद्धतीनं पुढे हायडेलबर्गमध्ये ख्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी माशीच्या भ्रूणाची घडण ठरवणारी जनुकं धुंडाळली.

सहा पानं

बायथोरॅक्सवर मात्र १९६३ नंतर लुइस यांनी कितीतरी वर्षं फार थोडं छापलं. ते रात्री काम करत. नवे बिघाड गोळा करत, त्यांना एकमेकांशी जोडत, जोडलेले पुन्हा तोडत. आपल्याकडच्या आजच्या पदोन्नतीच्या गुणांच्या तक्त्यात या वर्षांचं काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. वर्षाला किती शोधनिबंध, याच मापानं मोजलं असतं तर ते केव्हाच मागे पडले असते. कॅलटेकनं त्यांना त्या माश्यांसोबत राहू दिलं, आणि या प्रकरणात संस्थेचं हे श्रेय मी मोठं मानतो.

मग डिसेंबर १९७८ मध्ये ‘नेचर’मध्ये सहा पानांचा निबंध आला. वाचायला कमालीचा घट्ट. एकेका वाक्यात दहा-दहा वर्षांच्या क्रॉसचा अर्क. त्यातली मध्यवर्ती चाल मात्र साधी होती. लुइस यांनी बायथोरॅक्सचा संपूर्ण भाग गमावलेले भ्रूण पाहिले. असे भ्रूण अंड्यातून बाहेर येत नाहीत, मरतात. पण मरण्यापूर्वी त्यांच्या अंगावर कवच तयार झालेलं असतं, आणि त्या कवचावर प्रत्येक खंडाची ओळख असते: दातेरी केसांचे पट्टे, श्वासरंध्रं, वगैरे. लुइस यांनी ते कवच सूक्ष्मदर्शकाखाली पसरून खंड न् खंड वाचला. छातीच्या तिसऱ्या खंडापासून पोटाच्या आठव्या खंडापर्यंत सगळे खंड एकसारखे, सगळेच छातीच्या दुसऱ्या खंडासारखे. म्हणजे दुसरा छातीखंड ही पायाभूत अवस्था, आणि बायथोरॅक्सची जनुकं एकामागून एक चालू होत खंडांना तिच्यापासून दूर नेतात.

आणि सर्वांत चकित करणारी गोष्ट: गुणसूत्रावर हे घटक ज्या क्रमानं मांडलेले आहेत, त्याच क्रमानं ते शरीराच्या पुढून मागे काम करतात. घराच्या फ्यूजपेटीत स्विच ज्या ओळीत आहेत त्याच ओळीत खोल्या असाव्यात, तसं. गुणसूत्रात हा क्रम का जपला गेला असावा, याचा शोध अजून चालूच आहे.

चार पंखांची माशी याच समजुतीतून आली. हॉल्टियरचा पुढचा भाग बिघडवणारे दोन आणि मागचा भाग बिघडवणारा एक, असे तीन बिघाड एकाच माशीत आणले तर संपूर्ण हॉल्टियरचा पंख व्हायला हवा. लुइस यांनी ते जोडले, आणि झाला. अंदाज आधी केला, माशी नंतर आली. म्हणून ही माशी त्या सिद्धांताची परीक्षा ठरते.

जिथे ते चुकले

१९७८ च्या निबंधात लुइस यांचा अंदाज होता की या भागात किमान आठ जनुकं असावीत, साधारण खंडागणिक एक. त्याच सुमारास स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड हॉगनेस यांच्या प्रयोगशाळेत वेलकम बेंडर आणि पिएर स्पिएरर यांनी गुणसूत्रावर पाऊल-पाऊल चालत हा भाग डीएनएच्या रूपात पकडायला घेतला. ते काम १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. लुइस यांनी साठवलेले म्युटंट नसते तर हातात आलेल्या डीएनएचा कुठला तुकडा काय करतो हे सांगणंच अशक्य होतं. आणि १९८५ मध्ये माद्रिदमधून अर्नेस्तो सांचेझ-हेरेरो, हिनेस मोराता आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रथिनं बनवणारी जनुकं इथे फक्त तीन आहेत: अल्ट्राबायथोरॅक्स, अॅब्डॉमिनल-ए आणि अॅब्डॉमिनल-बी.

मग लुइस यांचे ते आठेक ‘जनुक’ म्हणजे काय? ते जनुकांचे स्विच होते. एकेका खंडात त्या तीनांपैकी कोणतं जनुक, कुठे आणि किती चालू व्हावं हे ठरवणारे डीएनएचे लांबलचक पट्टे. १९९५ मध्ये या भागाचा संपूर्ण क्रम वाचला गेला तेव्हा तो सुमारे ३ लाख ३८ हजार अक्षरांचा निघाला, आणि त्यातली प्रथिनासाठीची अक्षरं जेमतेम दीड टक्क्याच्या आसपास. उरलेल्यात मोठा वाटा नियमनाचा. ज्या डीएनएला पुढे लोकांनी बराच काळ निरुपयोगी म्हटलं, त्यातल्या हुकूम देणाऱ्या तुकड्यांचे नकाशे लुइस १९४६ पासून काढत होते, फक्त त्यांना जनुक म्हणत होते. क्रम वाचणाऱ्या त्या निबंधावर लुइस यांचंही नाव आहे.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. एकाच क्ष-किरणांच्या माऱ्यातून लुइस यांना दोन बिघाड एकत्र मिळाले होते. एकामुळे हॉल्टियरचा मागचा भाग पंख होतो, दुसऱ्यामुळे नेमकं उलट, पंखाचा मागचा भाग हॉल्टियर होतो. वर्षानुवर्षं हे कोडं होतं. बेंडर यांच्या नकाशात उत्तर निघालं: सुमारे १७ हजार अक्षरांचा एक तुकडा मूळ जागेवरून उचलला जाऊन थोड्या अंतरावर दुसरीकडे जाऊन बसला होता. जिथून गेला तिथे स्विच नाही, म्हणून हॉल्टियर घडत नाही. जिथे बसला तिथून तो भलत्याच ठिकाणी हुकूम सोडतो, म्हणून पंख हॉल्टियर होतो. प्रयोगवहीतल्या एका जुन्या नोंदीला तीसेक वर्षांनी डीएनएच्या भाषेत उत्तर मिळालं, आणि त्या दोन्ही माश्यांचे वंश तोवर जिवंत ठेवलेले होते.

१९८३-८४ मध्ये बाझेलमध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या गटाला आणि अमेरिकेत मॅथ्यू स्कॉट यांना या जनुकांत एक सारखाच छोटा तुकडा सापडला, होमिओबॉक्स. तो बेडकात होता, उंदरात होता, माणसात होता. उंदरातही ही जनुकं त्याच क्रमानं मांडलेली आणि त्याच क्रमानं काम करणारी. माणसात या हॉक्स जनुकांची संख्या ३९, चार गुणसूत्रांवर चार रांगांत. त्यांपैकी एकात बिघाड झाला तर बाळाच्या हाताची बोटं जास्त आणि जुळलेली येतात. लुइस यांच्या मूळ प्रश्नाचं, जनुकांच्या प्रती होऊन नवी जनुकं येतात का, याचं होकारार्थी उत्तर इथे मिळतं: हॉक्स जनुकं खरोखरच प्रती होत-होत वाढली आहेत. फक्त ती भावंडं त्यांनी शोधली तिथल्या स्विचांमध्ये नव्हती. १९९५ चं नोबेल लुइस, न्युसलाइन-फोलहार्ड आणि वीशाउस यांना विभागून मिळालं. २१ जुलै २००४ रोजी पॅसाडिनात लुइस यांचं निधन झालं.

अजून उघडं असलेलं

आणखी एक चूक आहे आणि मला ती सर्वांत फलदायी वाटते. माशीचे पूर्वज चार पंखांचे होते. लुइस यांना वाटे की दोन पंखांचे जीव घडताना दुसरी जोडी दाबणारी नवी जनुकं आली असणार. पण १९९४ मध्ये शॉन कॅरल यांच्या गटानं फुलपाखरू तपासलं, तर त्याच्या मागच्या पंखात अल्ट्राबायथोरॅक्स व्यवस्थित हजर! तरीही तो पंखच. म्हणजे हुकूम देणारा दोन्हीकडे तोच आहे, हुकूम ऐकणारे बदलले आहेत.

मग ऐकणारे कोण? या प्रश्नावर आपल्याकडे चांगलं काम झालं आहे. एल. एस. शशिधर यांच्या गटानं आधी हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-जीवशास्त्राच्या संशोधन केंद्रात आणि नंतर पुण्याच्या आयसर या विज्ञान-संस्थेत हेच शोधलं: अल्ट्राबायथोरॅक्स हॉल्टियरमध्ये कोणकोणत्या जनुकांना हात लावतं, आणि मधमाशीच्या मागच्या पंखात तेच प्रथिन असूनही तिथे काय वेगळं घडतं. सीसीएमबीत राकेश मिश्रा यांच्या गटानं बायथोरॅक्सच्या एका स्विचाचा हुकूम शेजारच्या खंडात जाऊ न देणाऱ्या डीएनएच्या कुंपणांवर काम केलं आहे.

पुण्यात बसून मधमाशीचा मागचा पंख कापून त्यातलं प्रथिन रंगवणाऱ्या विद्यार्थिनीच्या टेबलावर काचेच्या नळ्या असतात, तळाशी मक्याच्या पिठाचं खाद्य, तोंडाला कापसाचा बोळा, अंगावर मार्करनं लिहिलेली ‘बीएक्स’ ही अक्षरं, म्हणजे बायथोरॅक्स. दर दोन-तीन आठवड्यांनी माश्या नव्या नळीत हलवाव्या लागतात, नाहीतर वंश संपतो. १९१५ पासून हे कोणी ना कोणी करत आलं आहे.